एन्ट्री फी 71 डॉलर, खर्च 1,066 डॉलर! ताईच्या डायनिंग टेबलवर केलेलं कॉस्टिंग



चॅनलवर कॉस्टिंगचा व्हिडिओ टाकला की एक प्रश्न हमखास येतो: "सर, विक्री चांगली आहे, पण महिनाअखेरीला पैसे दिसत नाहीत, असं का?" या प्रश्नाचं उत्तर यावेळी मला दुकानात नाही, तर अमेरिकेत एका मैदानाच्या कडेला फोल्डिंगच्या खुर्चीत बसून मिळालं. म्हणून आज धंद्याचं उदाहरण न घेता मुलांच्या फुटबॉलचं घेतोय. शेवटी धंद्यावर येणारच आहे, थोडा धीर धरा.

मे 2025 मध्ये मी तीन आठवडे ताईकडे न्यू जर्सीला होतो. भाचा अकरा वर्षांचा, फुटबॉल खेळतो. तिथं त्याला सॉकर म्हणतात आणि त्यात दोन प्रकार आहेत. एक गावातल्या गावात खेळायचा, स्वस्तातला. दुसरा 'ट्रॅव्हल सॉकर'. यात आधी ट्रायआउट म्हणजे निवड चाचणी होते, टीम ठरते, पगारी कोच असतो आणि वर्षातून चार-पाच वेळा टीम दुसऱ्या गावाला, दुसऱ्या राज्यात टूर्नामेंटला जाते. भाचा या दुसऱ्या प्रकारात आहे.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पेठेचा जीव. पाटाकडील विरुद्ध दिलबहार मॅच असली की आम्ही शाहू स्टेडियमवर चालत जायचो. खर्च म्हणजे तिकीट आणि भडंगाची पुडी. त्यामुळे ताई जेव्हा म्हणाली, "या वीकेंडला व्हर्जिनियाला जायचंय, मॅच आहे," तेव्हा मी विचारलं, "किती लांब?" तर म्हणाली, "तीनशे मैल." म्हणजे 480 किलोमीटर! कोल्हापूरहून मुंबई गाठून परत पाव वाटेवर यावं, एवढं. तेही अकरा वर्षांच्या मुलांच्या मॅचसाठी.

मी सहज विचारलं, "ताई, खर्च किती येतो गं?"

"अरे फार नाही. टीमची एन्ट्री फी हजार डॉलर आहे, चौदा मुलांत वाटायची. 71 डॉलर प्रत्येकी."

इथं माझ्यातला दुकानदार जागा झाला. मोबाईलच्या नोट्समध्ये मी गुपचूप सगळं लिहायला सुरुवात केली. (पाहुण्यानं असं करू नये हे मला कळतं. पण सवय जात नाही.)

शुक्रवारी दुपारी निघालो. न्यू जर्सी टर्नपाइकचा टोल, डेलावेअर मेमोरियल ब्रिजचा टोल, बाल्टिमोरच्या बोगद्याचा टोल, असे जाऊन-येऊन 58 डॉलर. पेट्रोल 90. हॉटेल दोन रात्री, टॅक्स धरून 432. चौघांचं बाहेरचं खाणं 268, त्यात मी माझं वेगळं दिलं ते धरलेलं नाही. कोचचं हॉटेल, जेवण आणि गाडीखर्च टीम देते, त्याचा वाटा 40. मैदानाबाहेर पार्किंग दोन दिवसांचं 30. टूर्नामेंटचा टी-शर्ट आणि फोटो 45, कारण सगळी पोरं घेतात आणि आपल्यालाच कसं नाही म्हणणार? बर्फ, पाणी, सनस्क्रीन वगैरे 32. त्यात एन्ट्री फीचे 71 मिळवा. झाले 1,066 डॉलर. तेव्हाच्या साधारण 85 रुपयांच्या भावानं नव्वद हजार रुपये.

म्हणजे ताईच्या डोक्यात जो खर्च होता त्याच्या पंधरापट. आणि ताई काही हिशोबात कच्ची नाही. दहावीला गणितात माझ्यापेक्षा तिला जास्त मार्क होते, घरात अजून ऐकवतात.

आता त्या पैशात मिळालं काय, तेही सांगतो. या वयात तिथं नऊ-नऊ खेळाडूंची टीम असते. तीन मॅच झाल्या, प्रत्येक 50 मिनिटांची. राखीव मुलांनाही आळीपाळीनं खेळवतात, त्यामुळे भाचा मैदानावर होता साधारण 75 मिनिटं. मिनिटाला 14 डॉलर पडले. दोन मॅच हरले, एक बरोबरीत. आणि तिसरी मॅच कोणाशी होती माहितीये? ताईच्या घरापासून 25 मिनिटांवर असलेल्या गावाच्या टीमशी! दोन्ही टीम पाच-सहा तास गाडी चालवत व्हर्जिनियाला आल्या आणि एकमेकांशी खेळून परत गेल्या. मी हसलो, तर शेजारच्या खुर्चीतली एक आई म्हणाली की हे दर वर्षी होतं.

हॉटेलची भानगड जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात धंदा शिकण्यासारखा आहे. ताईला 189 डॉलर भाड्याची खोली मिळाली होती. मी सहज बुकिंग ॲपवर बघितलं, तेच हॉटेल त्याच रात्री 149 ला. म्हटलं, "ताई, रद्द कर, इथून घे." ती म्हणाली, "चालत नाही." तिथं बऱ्याच टूर्नामेंटना 'स्टे टू प्ले' असा नियम असतो: खेळायचं तर आमच्या यादीतल्या हॉटेलातच, आमच्यामार्फतच राहायचं. बाहेरून बुक केलं तर टीमची एन्ट्री नाकारू शकतात. आयोजक हॉटेलांशी आधी बोलणी करून शेकडो खोल्या धरून ठेवतो आणि प्रत्येक खोलीच्या प्रत्येक रात्रीमागे त्याला हॉटेलकडून ठरावीक रक्कम मिळते. म्हणजे एन्ट्री फी हा अशा आयोजकाचा फक्त दर्शनी माल. कमाईचा मोठा भाग खोल्यांमधून येऊ शकतो. आयोजकाच्या बाजूनं बघितलं तर डोकं लावून बांधलेला धंदा आहे. पालकाच्या बाजूनं बघितलं तर निवड काढून घेतलेली आहे. दोन्ही खरं आहे.

आणि यात फक्त आयोजक नाही, अख्खी गावं उतरलीत. इंडियाना राज्यात वेस्टफील्ड नावाचं शहर आहे. त्यांनी 2014 मध्ये 'ग्रँड पार्क' नावाचं क्रीडासंकुल सुरू केलं: 400 एकर जागा, फुटबॉलसारख्या खेळांची 31 मैदानं, बेसबॉलची 26. एवढी मैदानं गावच्या पोरांसाठी कोण बांधेल? हिशोब सरळ आहे. बाहेरून कुटुंबं येणार, राहणार, खाणार, पेट्रोल भरणार. आपल्याकडे जत्रेला जसं अख्खं गाव कमावतं, तसं तिथं वीकेंडला.

आस्पेन इन्स्टिट्यूट ही संस्था पालकांचा सर्व्हे करते. 2024 च्या सर्व्हेत अमेरिकन कुटुंबाचा एका मुलाच्या मुख्य खेळावरचा सरासरी खर्च वर्षाला 1,016 डॉलर निघाला, 2019 पेक्षा 46 टक्के जास्त. या सरासरीत गावातल्या गावात खेळणारी मुलंही आली. म्हणजे लाखो कुटुंबांचा सरासरी वर्षाचा खर्च ताईनं एका वीकेंडला केला.

हे मी गंमत म्हणून सांगितलं असतं आणि सोडून दिलं असतं. पण सोमवारी क्लबचा ईमेल आला: पुढच्या सीझनसाठी मुलाची जागा पक्की करायची असेल तर गुरुवारपर्यंत 400 डॉलर डिपॉझिट भरा, परत मिळणार नाही. आणि दाजी कॉन्ट्रॅक्टवर आहेत, तासावर पैसे मिळतात. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट ऑगस्टमध्ये संपणार होतं, पुढचं नक्की नव्हतं. हे मला तोवर माहीत नव्हतं. रात्री ताईचा चेहरा बघून कळलं.

मग आम्ही डायनिंग टेबलवर बसलो आणि वर्षाची शीट केली. मी ताईला आधी अंदाज विचारला. ती म्हणाली, "क्लबची फी 2,400, धरून अडीच-तीन हजार." शीटमध्ये क्लब फी 2,400, दोन वर्षांतून एकदा घ्यावे लागणारे कपडे 260, बाहेरच्या राज्यातल्या तीन टूर्नामेंट प्रत्येकी 1,050 च्या हिशोबानं 3,150, जवळच्या दोन 300, दर रविवारच्या लीग मॅचचं पेट्रोल 350. एकूण 6,460. साडेपाच लाख रुपयांच्या आसपास.

मी पुढं आणखी एक ओळ लिहिली. शुक्रवारी दाजींनी अर्धा दिवस काम सोडलं होतं. चार तास, तासाला 55 डॉलर, 220 गेले. यात खिशातून काही जात नाही म्हणून हे कोणी लिहीत नाही. पण यायचे ते आले नाहीत, म्हणजे गेलेच ना?

इथं दाजी चिडले. म्हणाले, "त्या पाच तासांत पोरगा गाडीत माझ्याशी बोलतो. एरवी घरी येतो आणि खोलीत जातो. ते कुठल्या रकान्यात टाकणार तुम्ही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर मला थोडी लाजही वाटली. भाचा जिन्यावर बसून ऐकत होता. त्याला ताईनं विचारलं की तुला टूर्नामेंटमध्ये सगळ्यात जास्त काय आवडतं? मला वाटलं मॅच म्हणेल. म्हणाला, "हॉटेलचा पूल. सगळे मित्र असतात." मंडळी, गिऱ्हाईक बिलावर लिहिलेलीच वस्तू विकत घेतं असं समजू नका.

पण शीट समोर आल्यावर बोलणं सरळ झालं. ताईनं मंगळवारी टीम मॅनेजरला फोन केला आणि डिपॉझिट भरायच्या आधी पुढच्या वर्षाच्या टूर्नामेंटची यादी, अंतरासकट, मागितली. तोवर कोणी मागितलीच नव्हती. यादी आली आणि आणखी तीन घरांनी मान वर केली. त्यांनाही जड जात होतं, फक्त पहिलं कोण बोलणार म्हणून गप्प होते. बाहेरच्या राज्यातल्या तीनपैकी एक टूर्नामेंट कमी होऊन त्याजागी पेनसिल्व्हेनियातली, सकाळी जाऊन रात्री परत येण्यासारखी घ्यायचं ठरलं. उरलेल्या दोन ठिकाणी दाजी आणि भाचा दोघंच जाणार, दुसऱ्या एका घराबरोबर गाडी वाटून. कपडे या वर्षी घ्यायचे नाहीत. नवीन आकडा आला 4,600. गुरुवारी रात्री ताईनं 400 डॉलर भरले. स्वस्त झालं असं नाही. पण आता आकडा माहीत होता, आणि ऑगस्टमध्ये कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही तर कुठली ट्रिप आधी कापायची तेही ठरलेलं होतं.

आता धंद्यावर येतो.

तुमच्यातले कितीतरी जण प्रदर्शनात स्टॉल घेतात. मसाले, पापड, ज्वेलरी, साड्या, आणि माझ्यासारखे स्पोर्ट्सवाले. मीही 2019 मध्ये पुण्यात चार दिवसांचा स्टॉल घेतला होता. भाडं 12,000. विक्री झाली 84,000. मी कोल्हापुरात सगळ्यांना पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. माझं मार्जिन 35 टक्के, म्हणजे 29,400 सुटले, त्यातून भाडं वजा जाता 17,400 प्रॉफिट, असं मी बायकोला सांगितलं. तिनं एकच प्रश्न विचारला, "मग बँकेत कुठं आहेत?"

नव्हते. कारण टेम्पो जाऊन-येऊन 7,500, दोघांचं लॉज 6,400, जेवण-चहा 3,600, मदतनीस पोराचे 2,400, आणि चार दिवस कोल्हापूरचं दुकान बंद, त्याचं बुडालेलं मार्जिन साधारण 6,000. भाडं धरून 37,900. म्हणजे 8,500 चा तोटा करून मी छाती फुगवून फिरत होतो. बीबीए केलेला माणूस! स्टॉलचं भाडं ही माझी 71 डॉलरची एन्ट्री फी होती.

तोटा झाला म्हणून जाऊ नये असं मी म्हणत नाही. त्या स्टॉलवर मला पुण्याची एक शाळा भेटली, ती अजून माझ्याकडून किट घेते. तो माझा हॉटेलचा पूल म्हणा. पण तो पूल किती रुपयांना पडला हे मला जायच्या आधी माहीत असायला हवं होतं, बायकोनं विचारल्यावर नव्हे.

एक गोष्ट अकादमी किंवा टूरचा धंदा करू बघणाऱ्यांसाठी. आपल्याकडेही अकादम्या मुलांना गोव्याला, बंगळुरूला टूर्नामेंटला न्यायला लागल्यात. किट घ्यायला येणारे पालक माझ्या काउंटरवर उभं राहून एकमेकांना विचारतात, "तुम्हाला वरून किती लागले?" हा 'वरून' शब्द ऐकला की समजायचं, पुढच्या वर्षी यातले काही पालक येणार नाहीत. फॉर्मवर फक्त फी लिहू नका. प्रवास, राहणं, जेवण, कोचचा वाटा, हातखर्च, सगळं धरून एक आकडा लिहा आणि पालक स्वतःची गाडी घेऊन आले तर वेगळा किती पडेल तेही लिहा. आकडा मोठा दिसेल, दोन फोन कमी येतील. येतील ते मात्र टिकतील.

मला याच पुण्याच्या प्रदर्शनाचा फॉर्म यंदा परत आलाय. भाडं 15,000 झालंय. शीट उघडून ठेवलीय, लॉजचा भाव भरून झाला, दुकान यावेळी भाऊ उघडणार आहे म्हणून ती ओळ शून्य आहे. टेम्पोवाल्यानं उद्या भाव सांगतो म्हटलंय. तो आला की ठरवतो जायचं की नाही.