गुरगुर थांबली, पुढे काय?

सकाळच्या फेरीला जबलपूरच्या ग्वारीघाटाकडे कुत्री घेऊन येणाऱ्या मंडळींत वादाचा एक विषय हमखास निघतो. कुणाचा तरी लॅब्राडोर घाटावरच्या भटक्या कुत्र्याकडे झेपावतो. मालक साखळीला हिसका देतो, तोंडाने 'त्श्श' असा आवाज काढतो आणि दोन बोटं कुत्र्याच्या मानेत रुतवतो. कुत्रा गप्प. बघणारा विचारतो, "हे कुठे शिकलात?" उत्तर मिळतं, "सीझर मिलान! बघत नाही का तुम्ही?"

आणि मग शेजारच्या बाई हळूच म्हणतात, "आमच्याकडेही केलं होतं हो. ऐकतो आता. पण मी हात उचलला की डोळे मिटून घेतो."

हा सीझर मिलान मूळचा मेक्सिकोचा, जन्म 1969चा. त्याचा 'डॉग व्हिस्परर' हा कार्यक्रम 2004 ते 2012 या काळात नॅशनल जिऑग्राफिकवर चालला आणि जगभर गाजला. सांगणं सोपं होतं: कुत्रा हा कळपातला प्राणी, कळपाला म्होरक्या हवा, तो तुम्ही व्हा; नाहीतर कुत्रा होईल. कार्यक्रमाच्या एका भागात भिंतीवर चढणारा, चावरा, अंगावर धावून येणारा कुत्रा शांत झालेला दिसे. पडद्यावर सूचनाही येई की तज्ज्ञाला विचारल्याशिवाय हे प्रयोग घरी करू नका. ती कोण वाचतो? अमेरिकन ह्युमेन असोसिएशनने तर 2006 मध्येच वाहिनीकडे हा कार्यक्रम थांबवण्याची मागणी केली होती.

म्होरक्याची ही कल्पना आली लांडग्यांकडून. रूडॉल्फ शेंकेल या संशोधकाने बासेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांची निरीक्षणं 1947 मध्ये प्रसिद्ध केली. कुंपणात कोंडलेले ते लांडगे हुकमतीसाठी एकमेकांवर तुटून पडत. त्यावरून 'अल्फा' लांडग्याचं चित्र तयार झालं आणि अमेरिकेच्या डेव्हिड मेकने 1970च्या आपल्या पुस्तकातून ते घरोघर नेलं. पुढे याच मेकने कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समियर बेटावर, मोकळ्या लांडग्यांबरोबर कित्येक उन्हाळे काढले. तिथे त्याला दिसलं ते साधं कुटुंब: आई, बाप आणि त्यांची पोरं. पोरं आईबापांच्या मागे जातात, मोठी झाली की वेगळा संसार थाटतात. 1999 मध्ये त्याने तसं लिहिलं आणि आपलंच जुनं पुस्तक छापणं बंद करा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागला.

जबलपूरकरांना हा विषय तसा घरचाच. किपलिंगच्या 1894च्या 'जंगल बुक'मधला म्होरक्या लांडगा अकेला, ज्याची शिकार हुकली की कळप त्याच्यावर उलटतो, तो शेजारच्या सिवनीच्या रानातला. आणि लांडग्यांसाठी नावाजलेलं नौरादेहीचं खरं जंगलही जबलपूरहून फार दूर नाही. दिवाणखान्यातल्या लॅब्राडोरला आपण जोखतो ते मात्र अकेलाच्या मापाने! लांडगा आणि कुत्रा यांच्या वाटा फुटून हजारो वर्षं झाली, हे बाजूलाच राहतं.

तरी मालक म्हणतात, "पण उपयोग होतो ना!" होतो, आणि खरी गोम तिथेच आहे. गुरगुरणं ही कुत्र्याची सूचना असते: जवळ येऊ नका, मला भीती वाटते. गुरगुरल्याबद्दल मार बसला की कुत्रा गुरगुरायचं सोडतो. भीती जागची हलत नाही. कुकरची शिट्टी दाबून धरली म्हणून आतली वाफ कमी होत नाही. मग एक दिवस लोक म्हणतात, "काही कारण नसताना, न गुरगुरता चावला." गुरगुरणं आपणच काढून घेतलेलं असतं. मिलानच्याच कार्यक्रमात अन्नाच्या भांड्यावरून गुरगुरणाऱ्या होली नावाच्या लॅब्राडोर कुत्रीने त्याच्या हाताचा कडकडून चावा घेतला होता. त्या भागाची चित्रफीत सावकाश पाहावी. होली आधी मान वळवते, ओठ चाटते, मागे सरकते. प्रत्येक खेपेला माणूस पुढेच येतो.

पडद्यावर जी शांतता म्हणून दिसते, तिच्याबद्दलही शंका घ्यायला जागा आहे. कान मागे, शेपटी पोटाखाली, तोंड घट्ट मिटलेलं, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसतंय, असा कुत्रा निवांत नसतो. थिजलेला असतो. आपण काहीही केलं तरी सुटका नाही हे कळल्यावर प्राणी प्रयत्नच सोडतो, हे मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी 1967 मध्ये दाखवलं, आणि तेही विजेचे झटके दिलेल्या कुत्र्यांवरच.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या 140 मालकांना विचारलं की तुम्ही घरी काय काय करून पाहिलं. 2009 मध्ये उत्तरं छापली. कुत्र्याला मारणाऱ्या किंवा लाथाडणाऱ्या मालकांपैकी 43 टक्क्यांना कुत्र्याकडून आक्रमक उत्तर मिळालं होतं. जबरदस्तीने उताणं पाडून दाबून धरणाऱ्यांत हे प्रमाण 31 टक्के, डोळ्याला डोळा भिडवून दरडावणाऱ्यांत 30. पोर्तुगालमधला, 2020 साली प्रसिद्ध झालेला 92 कुत्र्यांचा अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. एका कोपऱ्यातल्या वाडग्यात नेहमी खाऊ, दुसऱ्या कोपऱ्यातला नेहमी रिकामा, हे कुत्र्यांना आधी शिकवलं. मग वाडगा मधेच कुठेतरी ठेवला. बक्षिसावर शिकलेली कुत्री लगबगीने गेली. हिसके आणि ओरडा खाऊन शिकलेली रेंगाळत गेली. आपल्या नशिबात काही असेल अशी त्यांना आशाच कमी. शिकवणीनंतर त्यांच्या लाळेत ताणाचं संप्रेरकही वाढलेलं आढळलं.

एवढं लांब तरी कशाला जायचं? घाटावरची कुत्री बघा. त्यांना कुणी 'सिट' शिकवलेलं नाही. नावांच्या धक्क्यापासून द्रोण विकणाऱ्यांपर्यंत कुठे बसलं तर हाकलत नाहीत, कुठला परिक्रमावासी पोळीचा तुकडा टाकेल, कुणापासून चार हात लांब राहायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक. कोलकात्याच्या आयसरमध्ये अनिंदिता भद्र आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांचाच अभ्यास करतात. 2017 मध्ये त्यांनी दाखवलं की अनोळखी माणसावर विश्वास टाकायला जादा खाऊपेक्षा डोक्यावरून फिरलेला हात अधिक उपयोगी पडतो. ज्यांना रोज दगड खायची सवय, त्या कुत्र्यांबद्दलची ही गोष्ट आहे!

मिलानचं सगळंच टाकाऊ, असं मात्र मी म्हणणार नाही. कुत्र्याला आधी भरपूर चालवा, हे त्याचं सांगणं सोळा आणे खरं. आपल्याकडच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील असा माझा अंदाज. हस्कीला फ्लॅटच्या बाल्कनीत दिवसभर बांधायचं आणि तो सोफा फाडतो म्हणून ट्रेनर शोधायचा, यात चूक कुत्र्याची कशी?

चांगला असलेला कुत्रा अचानक चिडचिडा झाला तर आधी पशुवैद्य गाठावा. कान सडलेला असतो, कंबर दुखत असते, गोचिड्यांचा ताप असतो. जबलपुरात तर नानाजी देशमुख पशुवैद्यक विद्यापीठच आहे. आणि साखळी ओढणाऱ्या कुत्र्यासाठी उपाय कंटाळवाणा आहे, म्हणून टीव्हीवर शोभत नाही: दुसरा कुत्रा लांब, आपला अजून शांत, तेवढ्या अंतरावर थांबायचं. त्याने त्या कुत्र्याकडे बघितलं की उकडलेल्या चिकनचा कण द्यायचा. दोन-चार दिवसांनी अंतर थोडं कमी करायचं. बिघडलं तर पुन्हा मागे. याला आठवडे लागतात.

आपल्याकडे कुत्र्यांचा ट्रेनर अशी पाटी लावायला परवाना लागत नाही. 1960च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्याला मारहाण हा गुन्हा आहे खरा, पण पहिल्या खेपेचा दंड 10 ते 50 रुपये! तेव्हा चौकशी आपणच करायची. ट्रेनरला सरळ विचारावं, "कुत्र्याने बरोबर केलं तर काय देता? चुकलं तर काय करता?" दुसऱ्या प्रश्नावर तो 'ते आमच्यावर सोडा' म्हणाला, किंवा महिनाभर कुत्रा आमच्याकडे ठेवा, तुम्ही यायचं नाही, अशी अट घातली, तर कुत्र्याला घेऊन घरी परतावं.