पाय उचलला तरी गाडी पळतेच? सेकंड हँड गाडी घेण्याआधी हे समजून घ्या

“गाडी आपोआप पळाली, ब्रेक लागलाच नाही.” अपघाताच्या कुठल्याही व्हिडिओखाली ही कमेंट हमखास सापडते. त्याखाली दोन गट पडतात. एक म्हणतो कंपनीचा दोष, दुसरा म्हणतो ड्रायव्हर खोटं बोलतोय.

खरं उत्तर बहुतेक वेळा या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतं. आणि ज्यांनी वापरलेली गाडी घेतली आहे किंवा घ्यायच्या विचारात आहेत, त्यांना ते माहीत असणं गरजेचं आहे. कारण आधीच्या मालकाने त्या गाडीत काय काय बसवलं, काय काढलं, हे आरसी बुकात लिहिलेलं नसतं.

पूर्वी रेस म्हणजे नुसती तार होती

इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरचं नाव ज्यांच्यावरून पडलं, ते वालचंद हिराचंद. 1930 च्या दशकात त्यांनी इथे कळंब गावाजवळच्या माळावर साखर कारखाना आणि वसाहत उभी केली. याच वालचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, अमेरिकेतल्या क्रायसलर कंपनीशी करार केला आणि मुंबईत कुर्ल्याला मोटारींचा कारखाना टाकला. पुढे मुंबईची काळी-पिवळी म्हणून गाजलेली प्रीमियर पद्मिनी याच कंपनीची.

पद्मिनीच्या काळातल्या गाड्यांत रेसचं पॅडल दांडा किंवा तारेने थेट कार्ब्युरेटरला जोडलेलं असायचं. पॅडल दाबलं की हवेची झडप उघडणार, पाय काढला की स्प्रिंग ती बंद करणार. तार गंजली, स्प्रिंग ढिली पडली तर रेस अडकायची. मेकॅनिक बोनेट उघडून बोटाने दाखवायचा, “हे बघा, इथे अडकतंय.”

आताच्या गाड्यांत ही तार नाही. पॅडलमध्ये सेन्सर असतात. तुमचा पाय किती खाली गेला हे ते कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला सांगतात आणि ईसीयू मोटरने झडप उघडतो. पॅडलमध्ये सहसा दोन सेन्सर असतात आणि दोघांचं म्हणणं जुळलं नाही, तर ईसीयू ‘चेक इंजिन’चा दिवा लावून गाडी मुद्दाम कमी ताकदीवर चालवतो. म्हणजे सेन्सर बिघडला की बहुतेक वेळा गाडी पळत नाही, उलट मरगळते.

मग गाडी पळते कशामुळे?

कारण 1 : पायाखालची मॅट

हसू येईल, पण जगातल्या सगळ्यात गाजलेल्या प्रकरणाची सुरुवात एका मॅटपासून झाली. ऑगस्ट 2009 मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोजवळ एक लेक्सस गाडी ताशी 160 किलोमीटरच्या वर गेली आणि आतल्या चारही जणांचा जीव गेला. ती गाडी डीलरने तात्पुरती वापरायला दिलेली होती. तपासात दिसलं की तिच्यात दुसऱ्याच मॉडेलची जाड रबरी मॅट टाकली होती आणि रेसचं पॅडल त्या मॅटमध्ये अडकलं होतं. त्याआधी हीच गाडी वापरलेल्या एका ग्राहकाचंही पॅडल असंच अडकलं होतं आणि त्याने ते डीलरकडे सांगितलंही होतं.

सेकंड हँड गाडी घेणाऱ्याने हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवावं. गाडीचा त्रास आधी कुणाला तरी जाणवलेला असतो, तो पुढच्या माणसापर्यंत पोचत नाही.

यानंतर टोयोटाने जगभरात लाखो गाड्या परत बोलावल्या. मॅटचा दोष वेगळा आणि पॅडलच चिकटण्याचा दोष वेगळा, असे दोन दोष समोर आले. ही माहिती दडवल्याबद्दल 2014 साली कंपनीला अमेरिकन सरकारला 120 कोटी डॉलर द्यावे लागले. इलेक्ट्रॉनिक्समध्ये दोष आहे का, हे शोधायला नासाच्या अभियंत्यांनाही बोलावलं होतं. 2011 च्या त्यांच्या अहवालात गाडी सुसाट पळवेल असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. तरीही 2013 मध्ये ओक्लाहोमातल्या एका ज्यूरीने सॉफ्टवेअरबद्दलची तज्ज्ञांची साक्ष ऐकून कंपनीविरुद्ध निकाल दिला. त्यामुळे कॉम्प्युटरवरचा संशय पूर्ण पुसला गेला, असं म्हणता येत नाही.

आपल्याकडे जुन्या मॅटवर नवी सेव्हन-डी मॅट, तिच्यावर शेतातला चिखल लागू नये म्हणून आणखी एक रबरी मॅट, असा तीन मजली प्रकार सर्रास दिसतो. पॅडल अडकायला एवढं पुरेसं आहे.

कारण 2 : चुकीच्या पॅडलवर पाय

हे ऐकायला कुणालाच आवडत नाही. माणसाला मनापासून वाटतं की आपण ब्रेकच दाबतोय. गाडी थांबत नाही म्हणून तो आणखी जोरात दाबतो, आणि पायाखाली रेस असते. ऑटोमॅटिक गाडीत क्लच नसल्यामुळे इंजिन चाकांपासून तोडायचा सवयीचा मार्गही हाताशी नसतो.

जपानमध्ये एप्रिल 2019 मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात 87 वर्षांच्या चालकाच्या गाडीखाली एक आई आणि तिची लहान मुलगी गेली. ब्रेक लागला नाही, असं तो खटल्यात सांगत होता. न्यायालयाने मात्र गाडीत दोष नव्हता, पाय रेसवर होता, असा निष्कर्ष काढून त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली.

9 डिसेंबर 2024 च्या रात्री मुंबईत कुर्ल्यात बेस्टची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली तेव्हाही आधी ‘ब्रेक फेल’ हीच बातमी पसरली. आरटीओच्या तपासणीत ब्रेकमध्ये बिघाड दिसला नाही. गिअरच्या गाड्या चालवलेल्या चालकाला मोठ्या ऑटोमॅटिक बसचं पुरेसं प्रशिक्षण मिळालं होतं का, हा प्रश्न त्यानंतर पुढे आला.

आयुष्यभर गिअरची गाडी चालवलेल्या वडिलांना मुलगा पुण्याहून जुनी ऑटोमॅटिक आणून देतो, असं आता घरोघरी होतं. गाडीसोबत चार दिवस मोकळ्या मैदानात सरावही द्या.

कारण 3 : घाण, कार्बन आणि तेल

जास्त चाललेल्या गाडीत हवेच्या झडपेवर कार्बन साचतो. झडप पूर्ण बंद होत नाही आणि उभ्या गाडीची रेस वरखाली होते. थ्रॉटल बॉडी साफ केली की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

जुन्या डिझेल गाडीत याहून गंभीर प्रकार घडू शकतो. टर्बोचं सील झिजलं की इंजिन ऑइल हवेच्या नळीतून आत जातं आणि इंजिन आपलंच ऑइल जाळत सुटतं. अशा वेळी चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही.

क्रूझ कंट्रोलची भानगड

पाय न लावता गाडी ठरावीक वेगाने चालवणारं हे तंत्र राल्फ टीटर या अंध अमेरिकन अभियंत्याने शोधलं. ओळखीच्या वकिलाच्या गाडीत बसल्यावर बोलता बोलता त्याचा वेग सारखा कमी-जास्त होतोय, हे टीटर यांना खटकलं, असं सांगतात. 1950 मध्ये त्यांना पेटंट मिळालं आणि 1958 मध्ये क्रायसलरने ते गाडीत आणलं. वालचंदांनी करार केला होता, तीच ही कंपनी.

क्रूझ रद्द होतं ते ब्रेकच्या पॅडलजवळच्या एका छोट्या स्विचमुळे. मागचे लाल दिवेही हाच भाग लावतो. हा स्विच बिघडला की क्रूझ लागत नाही, मधेच सुटतं, किंवा ब्रेक दाबल्यावर सुटायला हवं तेव्हा सुटत नाही. फोर्डच्या अशाच एका क्रूझ स्विचमध्ये ब्रेक ऑइल झिरपून उभ्या गाड्यांना आगी लागल्या. 1999 पासून 10 वर्षांत कंपनीला 1 कोटी 40 लाखांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

कधी कधी गाडी बरोबर असते, आपला समज चुकलेला असतो. 100 ला क्रूझ लावलं, पुढे ब्रेक मारून 50 वर आलात आणि ‘रिझ्यूम’चं बटण दाबलं, तर गाडी स्वतःहून पुन्हा 100 कडे धावते. चढाला ती एकदम गिअर खाली टाकून गुरगुरते. पुढची गाडी बघून वेग ठरवणारं क्रूझ असेल, तर पुढचा बाजूला वळताच गाडी झेपावते.

बारामती-इंदापूर पालखी मार्ग चौपदरी झाल्यापासून क्रूझ लावायचा मोह होतो. पण गाळपाच्या हंगामात याच रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या असतात, त्यातल्या कित्येकांना मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. उभी किंवा रेंगाळणारी वस्तू ओळखण्यात क्रूझचे सेन्सर कमी पडू शकतात. अंधारात, पावसात आणि ट्रॉल्यांच्या रस्त्यावर क्रूझ बंदच ठेवा.

सौदा करण्याआधी एवढं तपासा

• सगळ्या मॅट काढा. पॅडल हाताने पूर्ण दाबून सोडा, ते झटकन वर आलं पाहिजे.
• इंजिन गरम झाल्यावर उभ्या गाडीची रेस स्थिर आहे का बघा.
• इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पॅडल कडक होईल. तसंच दाबून ठेवून गाडी चालू करा. पॅडल थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक आहे.
• एकाला मागे उभं करून ब्रेकचे दिवे बघा. मोकळ्या रस्त्यावर क्रूझ लावून ब्रेकला हलकेच पाय लावा. क्रूझ लगेच सुटलं पाहिजे.
• रिमॅप, पॅडलला जोडलेला रेस वाढवणारा बॉक्स, बाहेरून बसवलेलं क्रूझ यांतलं काही आहे का, थेट विचारा.
• स्कॅनर लावून जुने एरर बघा. सगळं नुकतंच पुसलेलं दिसलं तर का पुसलं, हे विचारा.
• डिझेल असेल तर निळा धूर आणि टर्बोच्या नळीतलं ऑइल बघा.
• चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून रिकॉल बाकी आहे का बघा. रिकॉल गाडीला लागू असतो, मालक बदलला तरी तो संपत नाही.

आणि खरंच गाडी पळाली तर?

साधारण गाडीला 0 वरून 100 वर जायला 12 सेकंद लागत असतील, तर 100 वरून थांबायला साडेतीन सेकंद पुरतात. म्हणजे धड ब्रेक इंजिनापेक्षा तिप्पट-चौपट ताकदवान असतात. फक्त ते नीट वापरावे लागतात.

1. आधी पाय दोन्ही पॅडलवरून पूर्ण उचला, मग ब्रेक शोधून एकदाच, जीव खाऊन दाबा आणि दाबूनच ठेवा. पुन्हा पुन्हा दाबू नका. रेस पूर्ण उघडी असताना पेट्रोल गाडीच्या बूस्टरला नवा व्हॅक्यूम मिळत नाही, साठलेला दोन-तीन दाबांत संपतो आणि पॅडल दगडासारखं होतं.

2. गाडी न्यूट्रलला टाका. गिअरची असेल तर क्लच दाबा. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्या.

3. गाडी चालती असताना चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. बटण स्टार्ट असेल तर बहुतेक गाड्यांत ते काही सेकंद दाबून धरावं लागतं. नेमकं किती, ते तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघा.

4. थांबल्यावर इंजिन बंद करा. गिअरची डिझेल गाडी चावी काढूनही थांबत नसेल तर ब्रेक दाबून, सगळ्यात वरचा गिअर टाकून क्लच सोडा, इंजिन बंद पडेल. ऑटोमॅटिक असेल तर सगळ्यांना उतरवून लांब उभे राहा.

यातला न्यूट्रलचा सराव रिकाम्या मैदानात, कमी वेगात, घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याकडून एकदा तरी करून घ्या. खरी वेळ येते तेव्हा विचार करायला सवड नसते, हात सवयीनेच गिअरकडे जावा लागतो.