दहा नंबरची हील मिळेल का?

'लेडीजमध्ये आठच्या पुढे नंबर येत नाही,' दुकानदार म्हणाला. मग नेहमीचा प्रश्न, 'कुणासाठी पाहिजे?'

'बहिणीसाठी,' माझा मित्र म्हणाला. त्याला बहीण नाही.

वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर त्या संध्याकाळचं हे आमचं चौथं दुकान होतं. मित्र टीवाय बीकॉमला आहे आणि ड्रॅग करतो. म्हणजे कपडे, मेकअप, विग, चाल यांतून एक झगमगीत बाई स्टेजवर उभी करतो. त्याच्या पहिल्या शोला मी टाळ्या वाजवत होते आणि तो दात-ओठ खात नाचत होता. पाय दहा नंबरचा, हील्स आठच्या. घरी आल्यावर पाहिलं तर दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडलेली.

तुम्ही म्हणाल, दोन नंबरांनी असा काय फरक पडतो? ब्रिटिश मापात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच. दोन नंबर म्हणजे जवळपास १.७ सेंटिमीटर. त्यात पुरुषांचा पंजा सहसा रुंद असतो आणि उंच टाचेमुळे शरीराचा भार पुढे, बोटांवर येतो. अशा चपलेत गिरकी घेताना पाय मुरगळला, तर पुढचे कित्येक दिवस घरी बसावं लागतं. त्यामुळे माप नीट असणं ही नटण्याची नाही, सेफ्टीची गोष्ट आहे.

कपड्यांचंही तेच. रेडीमेड गाऊनचा 'डबल एक्सएल' पोटावर बसतो, पण खांद्यात अडकतो. मुंढा काचतो, हात वर केला की उसवतो. कंबरेची शिवण भलतीकडेच येते, कारण पॅटर्नच वेगळ्या बांध्यासाठी कापलेला असतो. अंगाने भरलेल्या मुलींना हे वेगळं सांगायला नको. ट्रायल रूममधून हिरमुसून बाहेर येणं आपल्यापैकी कितीतरी जणींनी अनुभवलंय.

खरं तर पुरुषाच्या अंगाला स्त्रीवेश बसवणं मराठी रंगभूमीला नवं नाही. बालगंधर्वांना (१८८८-१९६७) आजच्या अर्थाने ड्रॅग क्वीन म्हणता येणार नाही, पण त्यांच्या साड्या आणि दागिने पाहून त्या काळच्या बायका फॅशन करायच्या. आणि नऊवारीची गंमत अशी, की तिला साइजच नसतो. नेसणाऱ्याच्या अंगाप्रमाणे निऱ्या कमी-जास्त होतात. शिवायचं असतं ते फक्त पोलकं. म्हणूनच मित्राने या वेळी गाऊनचा नाद सोडला आणि दादरहून पोलक्यासाठी कापड घेतलं. टेलरला एवढंच सांगितलं, की विग, पॅडिंग सगळं घालून मापं घ्या आणि आत दोन इंच मार्जिन सोडा.

राहिल्या चपला. इथे इंग्लंडमधली एक खरी गोष्ट कामाला आली. नॉर्दम्प्टनशायरमधल्या अर्ल्स बार्टन गावात स्टीव्ह पेटमन यांचा पुरुषांच्या बुटांचा घरचा कारखाना होता. धंदा बसत चालल्यावर त्यांनी पुरुषांच्या मापाचे, उंच टाचांचे बायकी बूट बनवायला घेतले. १९९९ मध्ये बीबीसीने त्यावर माहितीपट केला. पुढे २००५ मध्ये 'किंकी बूट्स' हा सिनेमा आला. त्यावरून बनलेल्या ब्रॉडवे म्युझिकलने २०१३ मध्ये सहा टोनी पुरस्कार पटकावले. सिनेमातला मुद्दा साधा आहे: बायकांच्या बुटाची टाच पुरुषाच्या वजनाखाली मोडते, म्हणून आतून स्टीलचा आधार द्यावा लागतो.

आमच्याकडे कारखाना नव्हता, पण धारावी होती. तिथे चामड्याचं काम करणारे कारागीर आहेत. एका छोट्या गाळ्यातल्या काकांनी पुठ्ठा जमिनीवर टाकला. 'उभा राहा. बसून माप घेतलं तर पाय लहान भरतो.' दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरवली, टेपने पंजाचा घेर मोजला. चार इंच टाच हवी म्हटल्यावर म्हणाले, 'पुढून दीड इंच जाड सोल देतो, म्हणजे पायाला अडीचच वाटेल. टाच जाडी, घोट्याला पट्टा.' संध्याकाळी गेलो ते बरं झालं, असंही म्हणाले. दिवसभरात पाय थोडा सुजतो, नाचताना तेच माप खरं.

रेडीमेडपेक्षा पैसे जास्त पडले. आम्ही तिघांनी मिळून भरले, त्याच्या वाढदिवसाचं गिफ्ट म्हणून. पण एक प्रश्न त्या गाळ्यात कुणी विचारला नाही: 'कुणासाठी?' पाय समोरच होता ना!

शोच्या रात्री साडेबाराला मित्राचा फोटो आला. मेकअपचा नाही, पायांचा. दहाच्या दहा नखं शाबूत.