कमांड चालली, पण काम झालं का? उत्तर एका आकड्यात असतं!

लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलमध्ये फाइल कॉपी करायची कमांड दिली आणि स्क्रीनवर काहीच उमटलं नाही, की नवख्या माणसाला प्रश्न पडतो. काम झालं की नाही?

खरं तर प्रत्येक प्रोग्रॅम संपताना एक आकडा मागे ठेवून जातो. त्याला ‘एक्झिट स्टेटस’ म्हणतात. शेलमध्ये तो ० ते २५५ यांपैकी काहीही दिसू शकतो. शाळेत शून्य म्हणजे नापास, इथं मात्र शून्य म्हणजे सगळं सुरळीत! काम फसण्याची कारणं अनेक, म्हणून बाकीचे आकडे त्यांच्यासाठी.

तो बघायचा कसा? कमांड संपताच ‘एको’ लिहा, एक जागा सोडा आणि $? टाइप करून एंटर दाबा. मध्ये दुसरी कमांड चालवलीत, तर तिचा आकडा दिसेल, आधीचा गेला. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये $? ऐवजी दोन % चिन्हांच्या मध्ये ‘एररलेव्हल’ लिहितात.

बॅशमधले काही आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

१२७ : कमांड सापडलीच नाही. बहुतेक वेळा स्पेलिंग चुकलेलं असतं.
१२६ : सापडली, पण चालवता आली नाही. परवानगी तपासा.
१३० : कंट्रोल आणि सी दाबून थांबवली.
१३७ : प्रोग्रॅम जबरदस्तीनं बंद केला गेला. मेमरी संपल्यावरही असं होतं.

पण शून्य नाही म्हणजे बिघाडच, असंही नाही. शब्द शोधणारी ‘ग्रेप’ कमांड शब्द मिळाला नाही तर १ देते, खरी चूक झाली तर २.

हा आकडा दुर्लक्षित राहिला तर काय होतं? समजा, एक स्क्रिप्ट रोज रात्री डेटाबेसची प्रत काढते, | चिन्हानं ती ‘जीझिप’कडे पाठवते आणि मग जुनी प्रत पुसते. एका रात्री प्रत निघालीच नाही. जीझिपनं रिकामी फाइल इमानेइतबारे दाबून शून्य दिला. शेल एरवी शेवटच्या प्रोग्रॅमचाच आकडा धरतं. स्क्रिप्ट म्हणाली ‘यशस्वी’, आणि जुनी प्रतही गेली!

यावर उपाय सोपा आहे. बॅश स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सेट -ओ पाइपफेल’ लिहायचं आणि पुसण्याची कमांड && नंतर ठेवायची. आधीचा आकडा शून्य असेल, तरच ती चालते.

तरीही अधूनमधून बॅकअप उघडून बघाच. शून्य म्हणजे प्रोग्रॅमनं स्वतःला दिलेलं प्रशस्तिपत्रक, आत डेटा आहे याची हमी नव्हे.