चाकांवरचे घर परदेशातून आणताना

निवृत्तीनंतर मनसोक्त प्रवास करावा, ही इच्छा अनेक घरांत वर्षानुवर्षे जपलेली असते. भिलाईच्या रुआबांधा वसाहतीतून बस्तरकडे निघणाऱ्या कुटुंबासमोर तर केशकालच्या घाटापासून चित्रकोटच्या धबधब्यापर्यंत निसर्गाचे वैभव पसरलेले आहे. अशा वाटांवर मोटारीमागे जोडून नेता येणारा, स्वयंपाक व निद्रेची सोय असलेला दणकट परदेशी ट्रेलर कोणालाही मोह घालील. मात्र विक्रेत्याने सांगितलेली किंमत हा या हिशेबाचा केवळ आरंभ असतो.

ऑस्ट्रेलियात हे वाहन गरजेतून घडले. तेथील किंबर्ली प्रदेशातील सुमारे 660 किलोमीटर लांबीचा गिब रिव्हर रोड मुळात गुरांच्या वाहतुकीसाठी तयार झाला आणि आजही त्याचा बराच भाग कच्चा आहे. अशा रस्त्यांवरील हादरे सोसण्यासाठी जस्तलेपित पोलादी सांगाडा, प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन आणि सर्व दिशांना फिरणारी जोडणी विकसित झाली. तेथेही वाहने डावीकडून चालत असल्याने ट्रेलरचे दार डाव्या बाजूस, रस्त्याच्या कडेला उघडते. अमेरिकन ट्रेलरचे दार सामान्यतः उजवीकडे असते. आपल्याकडे ते रहदारीच्या बाजूस येईल. ऑस्ट्रेलियातील वीजदाबही आपल्याप्रमाणेच 230 व्होल्ट आहे, तर अमेरिकेत तो 120 व्होल्ट आहे.

आधी नोंदणी, मग खरेदी

ट्रेलरला स्वतःचे इंजिन नसले, तरी मोटार वाहन अधिनियम, 1988 नुसार तोही 'मोटार वाहन' आहे. त्याची नोंदणी व विमा त्यामुळे आवश्यक ठरतो. केंद्र शासनाच्या 2004 च्या अधिसूचनेत खाजगी वापराच्या कॅम्पर ट्रेलरची गणना बिगर-परिवहन वाहनांत केलेली आहे, ही दिलाशाची बाब होय. तथापि वाहनाच्या नमुन्याला केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 126 प्रमाणे मान्यता लागते. पुण्याची एआरएआय ही अशी चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी एक आहे. दुर्गच्या परिवहन कार्यालयात नोंदणी होईल किंवा नाही, याचा लेखी खुलासा मिळण्यापूर्वी एक रुपयाही परदेशी पाठवू नये. नोंदणी न झालेला ट्रेलर अंगणात उभा राहील, रस्त्यावर उतरणार नाही.

खर्चाचा खरा आकडा

सीमाशुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर नव्हे, तर जहाजभाडे व विमा मिळवून होणाऱ्या मूल्यावर आकारले जाते. उदाहरणादाखल ट्रेलरची किंमत 10 लाख रुपये आणि जहाजभाडे व विमा 2.5 लाख रुपये मानू. मूल्य झाले 12,50,000 रुपये. मूळ शुल्क 10 टक्के गृहीत धरल्यास 1,25,000 रुपये आणि त्या शुल्कावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार 12,500 रुपये होतो. या एकूण 13,87,500 रुपयांवर एकात्मिक वस्तू व सेवा कर 18 टक्के धरल्यास आणखी 2,49,750 रुपये लागतात. म्हणजे बंदरातून बाहेर पडण्यापूर्वीच 10 लाखांचे 16,37,250 रुपये झाले. बंदरातील हाताळणी, सीमाशुल्क दलालाचे शुल्क आणि भिलाईपर्यंतची वाहतूक याखेरीज आहे. प्रत्यक्ष दर शीर्षक 8716 खाली त्या दिवशी पाहून घ्यावेत. विशाखापट्टणम तुलनेने जवळचे असले, तरी वाहन कोणत्या बंदरातून आणता येईल, हेही दलालाकडून आधीच निश्चित करावे.

पैसे पाठविताना

रक्कम अधिकृत बँकेमार्फतच पाठवावी. पूर्ण रक्कम आगाऊ दिल्यास सर्व जोखीम ग्राहकाच्या शिरावर येते. पतपत्र, अर्थात लेटर ऑफ क्रेडिट उघडल्यास विक्रेत्याला ठरलेली कागदपत्रे सादर केल्यावरच पैसे मिळतात. परंतु बँक कागदपत्रे तपासते, मालाची पाहणी करीत नाही. सांगाड्याला तडा आहे किंवा ब्रेक निकामी आहे, हे बिल ऑफ लेडिंगवरून कळत नाही. म्हणून जहाजावर चढविण्यापूर्वी स्वतंत्र तपासणी करून तिचा दाखला पतपत्राच्या अटींत समाविष्ट करून घ्यावा. माल आल्यावर बिल ऑफ एंट्रीची नोंद बँकेकडे पूर्ण झाल्याची खात्री करावी. करार व रक्कम पाठविणे यांत काही महिन्यांचे अंतर असेल, तर विनिमय दरातील चढउतारासाठी वेगळी तरतूद ठेवावी.

मालकीनंतरचे प्रश्नही कमी नाहीत. ट्रेलरला विजेवर चालणारे ब्रेक असल्यास ओढणाऱ्या मोटारीत त्यांचा नियंत्रक बसवावा लागतो. बेअरिंग, रबरी भाग व गॅसची जोडणी येथे सहज मिळेल, याची शाश्वती नसते. घाटाच्या वळणावर ट्रेलर सांभाळणे आणि तो मागे घेणे हे सरावाचे काम आहे. वसाहतीत तो उभा करण्यास जागा व परवानगीही हवी.

निवृत्तीची पुंजी पुन्हा उभी राहत नसते. केंद्राने 2010 मध्ये आणि महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. मिळेल तेथे असे वाहन चार दिवस भाड्याने घेऊन पाहावे. हौस त्यानंतरही टिकली, नोंदणीचा खुलासा हाती आला आणि संपूर्ण खर्च मुदत ठेवींना हात न लावता भागत असेल, तर बँकेच्या शाखेची पायरी अवश्य चढावी.