जुन्या गाडीला नवं चाक

नगरहून करंजी घाट उतरून पाथर्डीकडे निघालात की वाटेत तिसगाव लागतं. तिथल्या किंवा आपल्याकडच्या कुठल्याही फाट्यावरच्या गॅरेजपुढे जरा थांबून बघा. एखादी जुनी यामाहा आरएक्स 100 उभी असेल आणि तिचं मागचं चाक अंगापेक्षा दांडगं दिसत असेल, तर ते बहुधा यामाहाच्याच एफझेडचं आहे. आरएक्स 100 निघाली 1985 मध्ये आणि 1996 मध्ये बंद झाली. एफझेड आली 2008 मध्ये. म्हणजे गाडीचं उत्पादन थांबल्यावर बारा वर्षांनी जन्माला आलेलं चाक तिला बसवतात आणि ती पळतेसुद्धा! हे जमतं कसं?

आधी टायरवरचे आकडे वाचू. आरएक्सच्या मागच्या टायरवर 2.75-18 असं असतं. रिंग 18 इंची, टायरची रुंदी पावणेतीन इंच, म्हणजे 70 मिमी, आणि उंचीही साधारण तेवढीच. रिंगचे 457 मिमी, त्यात खालचे आणि वरचे मिळून 140. चाकाचा व्यास झाला 597 मिमी. आता एफझेडचा टायर घ्या: 140/60-17. रुंदी थेट दुप्पट, 140 मिमी. उंची रुंदीच्या 60 टक्के, म्हणजे 84. रिंग 17 इंची, म्हणजे 432. बेरीज करा. 600 मिमी!

रुंदी दुप्पट झाली, रिंग एक इंचाने लहान झाली आणि तरी पूर्ण चाकाच्या व्यासात फरक पडला फक्त 3 मिमीचा. एका फेऱ्यात गाडी जेमतेम सेंटिमीटरभर जास्त पुढे जाते. गिअरच्या हिशेबाला चाक बदलल्याचा पत्ताच लागत नाही. स्पीडोमीटरलाही लागत नाही, कारण त्याची केबल पुढच्या चाकातून येते.

आणखी एक गंमत चेनमध्ये आहे. अशा गाड्यांना 428 नंबरची चेन असते. तिच्या दोन पिनांमधलं अंतर 12.7 मिमी, म्हणजे बरोबर अर्धा इंच. आता अंगणातल्या सायकलची चेन मोजा. तीही अर्धा इंच! शाळेत जायच्या सायकलपासून शंभर सीसीच्या मोटारसायकलपर्यंत हे माप एकच.

पण चाकाच्या पोटातून जाणारा एक्सल? तो एका गाडीला जाड, दुसरीला बारीक. इथे बेअरिंगचे नंबर मदतीला येतात. 6201 आणि 6301, दोघांच्याही शेवटी 01, म्हणून दोघांचं भोक 12 मिमीचं. शेवटी 02 असेल तर 15, 03 असेल तर 17. 04 पासून पुढे पाचाने गुणायचं, म्हणजे 04 ला 20. हा हिशेब जगभर एकच. बेअरिंग पुण्यात बनलेलं असो की जपानात, 6202 मध्ये 15 मिमीचा एक्सल बसणारच. म्हणून हबमध्ये बाहेरून बसेल आणि आपला एक्सल आतून घेईल असं बेअरिंग अनेकदा तयारच मिळतं. उरलेली फट लेथवाला बुश करून भरतो. मात्र दोन बेअरिंगांच्या मधली नळी केसभर जरी आखूड राहिली, तर एक्सलचा नट आवळताच आतल्या गोळ्या बाजूने दाबल्या जातात आणि बेअरिंग तापून जातं.

खरी पंचाईत जागेची आहे. चाक धरणारा मागचा चिमटा 70 मिमीच्या टायरसाठी केलेला, त्यात 140 मिमीचा मावणार कसा? म्हणून पुष्कळदा चिमटाही बदलावा लागतो. तरीही इंजिनाचा स्प्रॉकेट जागचा हलत नाही. मागचा स्प्रॉकेट नेमका त्याच्या रेषेत हवा, आणि चाक पुढच्या चाकाच्या रेषेत. हे तपासायला जाणता मिस्त्री काय वापरतो? साधी सुतळी! मागच्या टायरच्या दोन्ही कडांना टेकवून ती पुढच्या चाकापर्यंत ताणायची. पुढचा टायर 64 मिमीचा, मागचा 140 चा. म्हणजे पुढे दोन्ही बाजूंना 38-38 मिमी फट दिसली पाहिजे. एकीकडे 45 आणि दुसरीकडे 31 दिसली, तर गाडी सरळ रस्त्यावरही एका अंगाला ओढणार.

आता वजन. रिंगवरचा एक किलो आणि टाकीवरचा एक किलो सारखाच, असं वाटतं ना? टाकीवरचा किलो नुसता पुढे जातो. रिंगवरचा पुढे जातो आणि फिरतोही, म्हणून त्याला वेग द्यायला साधारण दीडपट ऊर्जा लागते. 98 सीसी आणि 11 अश्वशक्तीच्या इंजिनाला जाड टायर आणि अलॉय रिंगचं ओझं उचलताना जाणवतं ते हेच. दिसायला रुबाबदार, पण ज्या चपळाईसाठी लोक आरएक्सवर जीव टाकतात ती थोडी कमी होते. माझ्या मते हा सौदा महागात पडतो.

ज्या गोष्टीचं मला सगळ्यात जास्त नवल वाटतं, ती आहे ब्रेक प्लेट. जात्याची खालची तळी हलत नाही म्हणून वरची दळू शकते. ब्रेक प्लेट ही चाकाची खालची तळी. प्लेटवरचे लायनर फिरत्या ड्रमला धरतात तेव्हा ड्रम प्लेटलाही आपल्याबरोबर फिरवायला बघतो. तिला अडवतो कोण? बहुतेक गाड्यांत बोटाएवढा एक टॉर्क रॉड. टायर जमिनीला घासतो एक्सलपासून 30 सेंमीवर आणि रॉड प्लेटला धरतो अवघ्या काही सेंमीवर. त्यामुळे त्याच्यावर जमिनीच्या ओढीच्या कितीतरी पट ताण येतो. तो सुटला की प्लेट गरकन फिरते, ब्रेकची दांडी वाकते आणि चाक जाम होतं. घाटउतारावर असं झालं तर काय होईल, ते सांगायला नको.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनाने फेरफार करता येत नाही, हे आधी ध्यानात घ्या. आणि कुणी असं चाक बसवलेली गाडी तुमच्या हातात दिलीच, तर चकाकणारं अलॉय बघत बसू नका. खाली वाकून टॉर्क रॉडची दोन्ही टोकं हलवून बघा. नटांतल्या स्प्लिट पिना जागेवर नसतील, तर किक मारू नका.