लुसीच्या घरातले तीन कॅमेरे

‘आय लव्ह लुसी’ या अमेरिकी मालिकेत ऐकू येणारं हसू स्टुडिओत समोर बसलेल्या तीनेकशे माणसांचं आहे. त्या माणसांना तिथं बसवता यावं म्हणून जी तांत्रिक खटपट झाली, ती मला मालिकेइतकीच मोलाची वाटते.

ल्युसिल बॉल, म्हणजे मालिकेतली लुसी, रेडिओवर लोकप्रिय होती. सीबीएस या वाहिनीला तिची विनोदी मालिका हवी होती, पण तिचा हट्ट एकच होता: नवऱ्याच्या भूमिकेत माझा खरा नवराच हवा. देसी अर्नाझ क्यूबाचा. त्याचे उच्चार, त्याचं परकेपण प्रेक्षक स्वीकारतील का, अशी वाहिनीला शंका होती. मग १९५० मध्ये दोघं रंगमंचावर एकत्र कार्यक्रम करत गावोगाव फिरले आणि लोकांनी त्यांना उचलून धरलं.

पुढचा पेच जागेचा. त्या काळी बरेच कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत. देशाच्या इतर भागांना पडद्यावरून टिपलेली धूसर नक्कल मिळे. प्रायोजक सिगारेट कंपनी न्यूयॉर्कवर अडून होती, तर या जोडप्याला लॉस एंजेलिस सोडायचं नव्हतं. तोडगा निघाला तो लॉस एंजेलिसमध्येच ३५ मिमी फिल्मवर चित्रीकरण करण्याचा, म्हणजे सगळीकडे सारखीच स्पष्ट प्रत पोचेल. त्याचा खर्च जास्त. दोघांनी आठवड्याला हजार डॉलर कमी घेणं कबूल केलं आणि बदल्यात भागांची मालकी मागून घेतली. किती दूरदृष्टीचा सौदा!

आता प्रेक्षकांसमोर, नाटकासारखं सलग चित्रीकरण करायचं होतं. त्यासाठी ‘मेट्रोपोलिस’ या चित्रपटाचे छायालेखक कार्ल फ्रॉइंड आले. सिनेमात प्रत्येक शॉटसाठी दिवे हलवतात. इथं तसं केलं असतं तर प्रेक्षक कंटाळले असते आणि लुसीचा विनोद थंड पडला असता. फ्रॉइंडनी बहुतेक दिवे वर टांगले, प्रकाश सगळीकडे सारखा पसरवला. चित्र कृष्णधवल असल्यामुळे सेटही करड्या छटांत रंगवला. तीन कॅमेरे एकाच वेळी चालत: एक सगळं दृश्य टिपणारा, दोन चेहऱ्यांजवळचे. तिन्ही फिती शेजारी शेजारी लावून पाहता येतील असं संकलन यंत्र वापरलं, त्याला तिथले लोक ‘तीन तोंडांचा राक्षस’ म्हणत. चॉकलेटच्या कारखान्यातला लुसीचा गोंधळ आजही ताजा वाटतो, त्यात या सलग टिपण्याचा मोठा वाटा आहे.

मालिकेत लुसीचे शेजारी फ्रेड आणि एथेल झालेले विल्यम फ्रॉली व व्हिव्हियन व्हॅन्स यांचं एकमेकांशी अजिबात पटत नसे. पडद्यावर त्याचा मागमूस नाही.

१९५२ मध्ये ल्युसिल गरोदर राहिली, तेव्हा बाळंतपण कथेतच आणायचं ठरलं. संहिता कॅथलिक पाद्री, प्रॉटेस्टंट धर्मगुरू आणि ज्यू रब्बाय यांना वाचायला दिल्या. १९ जानेवारी १९५३ ला तिला मुलगा झाला आणि त्याच रात्री पडद्यावरच्या लुसीलाही. सुमारे ४.४ कोटी लोकांनी तो भाग पाहिला. तिच्या विश्रांतीच्या काळात जुने भाग पुन्हा दाखवले, तेही लोकांनी आवडीनं पाहिले. फिल्मवर उतरलेल्या भागांची किंमत तिथं कळली. पुढे सीबीएसनं त्यांचे हक्क मोठी रक्कम मोजून घेतले आणि जोडप्याच्या डेसिलू कंपनीनं आरकेओ या चित्रपट कंपनीचे स्टुडिओ विकत घेतले. ‘स्टार ट्रेक’ची सुरुवात पुढे याच डेसिलूत झाली.